दोन टीबीच्या पुढच्या एकोणीस मिनिटांबाबत

कमलनगर,
दि. २१ जानेवारी २०२६

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
संगणकीय पुरावा तपासणी कक्ष,
जुने धान्य गोदाम, दुसरा मजला,
कलबुर्गी.

अर्जदार : श्रीमती मंजुश्री सिद्धेश्वर हलबर्गे, वय ३४, धंदा संगणक दुरुस्ती, रा. कमलनगर, जि. बीदर.

विषय : जप्त केलेली चार टीबीची हार्ड डिस्क दि. २७ रोजी फॉरमॅट न करता तिचा दुसरा भाग उघडून पाहणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे दि. १२ जानेवारीचे पत्र. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांची पोचसुद्धा मिळालेली नाही.

महोदय,

१. वरील विषयी सविनय अर्ज करते की, मी कमलनगर येथे बसस्टँडमागच्या गल्लीत 'मल्लेश्वरी कॉम्प्युटर्स' हे दुरुस्तीचे दुकान चालवते. नाव सासूबाईंचे, दुरुस्ती माझी, आणि शिडी, वायर, गिऱ्हाईक व चहा हे सगळे माझे पती सिद्धेश्वर पाहत. गुरुवार दि. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी भर दुपारी याच दुकानात त्यांना लोखंडी दांड्याने मारण्यात आले. नवव्या दिवशी बीदरच्या दवाखान्यात ते वारले. आपल्याकडच्या कागदांत मात्र ते शिडीवरून पडून वारले, असे आहे. त्यांना मारल्याचे चित्रण आपल्याच कक्षातल्या टेबलावर पडून आहे आणि येत्या मंगळवारी आपण ते पुसणार आहात. ते पुसू नये, एवढीच माझी विनंती आहे. पुढचे सगळे ती आपल्याला पटावी म्हणून लिहिले आहे.

२. अर्ज मराठीत आहे याचा राग मानू नये. कन्नड प्रत सोबत जोडली आहे आणि तीही माझ्याच हातची आहे. माझे माहेर कन्नड, सासर मराठी. भांडण ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत करायचे, अशी आमच्या घरची रीत. परंतु या प्रकरणात एका मराठी वाक्याचे कन्नड भाषांतर ठाण्यातल्या कोणा लेखनिकाने केले आणि त्या भाषांतरावर मला आरोपी केले गेले. म्हणून मूळ शब्द मूळ भाषेतच आपल्यासमोर यावेत असे मला वाटते.

३. ते वाक्य असे : "थांबा अण्णा, आधी बूट मारते, मग बोला." हे मी बोलले. चित्रणात आवाज स्वच्छ आहे आणि मी नाकारत नाही. ठाण्याच्या कागदावर ते "बूटिनिंद होडेयुत्तेने", म्हणजे 'बुटाने मारते', असे उतरले. महोदय, आमच्या धंद्यात सगळे 'मारतात'. विंडोज मारतात, स्कॅन मारतात, फॉरमॅट मारतात, आणि संगणक बंद करून नव्याने चालू करून पाहायचा असला की बूट मारतात. आपल्या कक्षातले तंत्रसहायकही असेच बोलत असतील. त्यांना विचारून पाहावे. ठाण्याने मात्र गुन्ह्यातले हत्यार म्हणून बूट हजर करायला सांगितले. माझ्या पायात त्या दिवशी रबरी चप्पल होती, तिचाही अंगठा तुटलेला. घरात बूट एकच जोड, सिद्धेश्वर यांच्या लग्नातला. पती बेशुद्ध असताना पोलिसांनी तो कपाटातून काढून पिशवीत घातला, वर लाख लावली आणि 'हत्यार क्रमांक एक' असे लिहिले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

४. हे वाक्य ज्यांना उद्देशून बोलले ते श्रीपतराव शेजारच्या गावचे मोठे नाव आहे. मंगल कार्यालय, मांडव, लग्नाची शूटिंग असा त्यांचा पसारा. हैदराबादेहून त्यांनी आठ टीबीची नवी हार्ड डिस्क आणली आणि आपला सोळा वर्षांचा जुना संगणक माझ्या टेबलावर ठेवून सांगितले की, ह्याच डिस्कवरून हा चालू करून दे. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते की हे होणार नाही. जुन्या संगणकाची मोजणी दोन टीबीच्या थोडे पुढे गेली की संपते. शिंप्याची टेप साठ इंचांना संपते, कापड पुढे असले तरी, तसेच हे. पूर्ण आठ टीबी हवी असेल तर डिस्कचे भाग नव्या पद्धतीच्या कोष्टकात, ज्याला आम्ही जीपीटी म्हणतो, मांडावे लागतात. आणि अशा डिस्कवरून विंडोज सुरू व्हायची तर संगणकही नव्या पद्धतीने, म्हणजे यूईएफआयने, सुरू होणारा लागतो. त्यांचा तसा नव्हता. एक लहान डिस्क लावून तिच्यावरून यंत्र सुरू करू आणि मोठी नुसती साठवणीला ठेवू, असेही मी सुचवले. मोठी डिस्क आणून लहानीवर चालवायची, हे त्यांना कमीपणाचे वाटले.

५. सहा तारखेला ते पाहायला आले. पडद्यावर आठांपैकी दोनच वापरता येत होत्या. बाकीच्या सहासमोर 'वाटप झालेले नाही' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. त्यांनी तो वाचला नाही, आकडा वाचला. त्यांचे बोलणे चित्रणात आहे, तरी जसेच्या तसे देते : "आठ आणून दिलोय मी, दोन दावायलीस. सहा कुठं ठिवलीस? काढून दुसऱ्याच्यात घातलीस व्हय?" मी म्हणाले, "अण्णा, आतलं असं काढून घेता येत न्हाई. जागाय ती. ह्या कंप्युटरला दिसंना, एवढंच." त्यावर ते म्हणाले, "मला दिसायलंय की. तू चोर हायस." माझ्या दुकानात, तीन गिऱ्हाइकांसमोर. त्यानंतर मी ते बुटाचे वाक्य बोलले. त्यांनी टेबलाखालच्या संगणकाला लाथ घातली, आणि मी उठून त्यांच्या गालावर चापट मारली. ही चापट खरी आहे. अर्जात लपवणार नाही आणि आपण शंभर वेळा विचारले तरी खोटे सांगणार नाही. चोर म्हणणाऱ्याला मी आजही मारीन. त्या वेळी सिद्धेश्वर शिडीवर होते. ट्यूब बदलत होते.

६. आता डिस्कविषयी. आमच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण चार टीबीच्या डिस्कवर साठत असे. तिचे मी दोन भाग केले होते : पहिला दोन टीबीचा, दुसरा उरलेल्याचा. त्या दिवशी पहिला भाग भरत आल्याची लाल खूण पडद्यावर आली, म्हणून साडेबारा वाजता मी स्वतः आज्ञा दिली की चालू असलेली पंधरा मिनिटांची फाईल संपली की पुढचे सगळे दुसऱ्या भागात साठवावे. ती फाईल बरोबर १२ वाजून ४५ मिनिटांनी संपली. पहिल्या भागातली ती शेवटची. तिच्या शेवटच्या चौकटीत माझा हात श्रीपतरावांच्या गालावर आहे आणि मागे वर शिडीवर माझे पती आहेत. त्यानंतरची एकोणीस मिनिटे दुसऱ्या भागात आहेत. ती आपल्या कक्षात कोणीही पाहिलेली नाहीत, कारण आपल्या संगणकाला दुसरा भाग दिसतच नाही.

७. यात माझीही चूक आहे, तीही सांगून टाकते. नुसत्या नव्या पद्धतीने भाग केले असते तर आपल्या जुन्या यंत्राला त्यातले काहीच वाचता आले नसते आणि कोणीतरी वैतागून नव्या यंत्राकडे गेले असते. पण मी शहाणपणा केला. कधी डिस्क जुन्या संगणकाला लावायची वेळ आली तर निदान पहिला भाग तरी दिसावा, म्हणून मी तिच्यावर नव्याबरोबर जुन्या पद्धतीचेही कोष्टक लिहून ठेवले होते. त्यामुळे आपल्या यंत्राने पहिला भाग व्यवस्थित दाखवला आणि दुसऱ्याच्या जागी नुसती मोकळी जागा. अर्धे दिसले म्हणून सगळे दिसले असे वाटले. तपास अधिकाऱ्यांनी ते मला मोबाईलवर दाखवले आणि म्हणाले, "बाई, तुम्हीच मारायलाव की. आन् नवरा शिडीवरच हाय." माझी करणी माझ्याच पतीच्या आड आली, या विचाराने मी कित्येकदा स्वतःच्या तोंडात मारून घेतले आहे.

८. आपल्या संदर्भीय पत्रात डिस्क अर्धी निकामी असल्याचे कारण असे दिले आहे की, तिच्यावरून संगणक बूट होत नाही. महोदय, तो होणारच नाही. तिच्यावर संगणक सुरू करणारे काही घातलेलेच नाही. ती नुसती साठवणीची डिस्क आहे. कणगीला गाडीचे बैल जुंपून ती चालत नाही म्हणून मोडीत काढावी, तसा हा निष्कर्ष झाला. त्याच पत्रात पुढे, डिस्कवर तिऱ्हाइतांचे चित्रण असल्याने ती 'फॉरमॅट करून अर्जदारास परत करावी' असे आहे. पत्र घेऊन आलेल्या शिपायाने तर मला आनंदाची बातमी दिल्यासारखे सांगितले, "अक्का, मंगळवारी फॉरमॅट मारून देतेत, घिऊन जावा." मी त्याला पाणी दिले आणि तो गेल्यावर तांब्या भिंतीवर फेकला.

९. आता ती एकोणीस मिनिटे. चित्रण मीही पाहिलेले नाही, पण मी तिथे होते. वेळा अंदाजाने आहेत, क्रम अंदाजाने नाही. पावणेएकला श्रीपतराव गालाला हात लावून दारात गेले आणि फोनवर एवढेच म्हणाले, "या रे." तिन्ही गिऱ्हाइके निघून गेली. सिद्धेश्वर शिडीवरून खाली उतरले. स्वतःच्या पायांनी, एकेक पायरी, हातात जुनी ट्यूब घेऊन. ते उतरताना दुसऱ्या भागात दिसतील. ते पडले नाहीत. त्यांनी ट्यूब कोपऱ्यात उभी केली आणि श्रीपतरावांना खुर्ची दिली. "अण्णा, बसा. तिचं डोकं गरम हाय. उदगीरला नवं मशीन हाय माझ्या दोस्ताकडं, तिथं लावून आठच्या आठ दावतो तुमाला." असे ते बोलत होते. समजूत घालत होते. माझ्याकडे बघून डोळ्यांनी गप्प राहा म्हणाले, आणि मी गप्प राहिले.

१०. एकच्या सुमारास जीप आली. श्रीपतरावांचा पुतण्या रत्नपाल आणि आणखी दोघे उतरले. त्या दोघांची नावे मला ठाऊक नाहीत, तोंडे ठाऊक आहेत. रत्नपालच्या हातात टॉमी होती, जीपचे चाक खोलायचा लोखंडी दांडा. एकाने शटर निम्मे ओढले. दुसऱ्याने माझी वेणी मनगटाला गुंडाळून मला टेबलावर दाबले. रत्नपालने विचारले, "दोन दावली न्हवं?" सिद्धेश्वर म्हणाले, "ऐक तर," आणि त्याने "मग ही तिसरी" म्हणून दांडा त्यांच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज कॅमेऱ्याने घेतला असेल. मी घेतला आहे. "ही चौथी" म्हणून गुडघ्यावर. ते खाली बसले, हात डोक्यावर. "ही पाचवी" डोक्यावर, हातांसकट. त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द आला नाही. रक्त कानातून आले, पातळ, आणि फरशीवरून माझ्या टेबलाखाली, त्या लाथ खाल्लेल्या संगणकापर्यंत आले. मी ओरडत होते, "मेलाय तो, सोड, मेलाय." रत्नपाल थांबला नाही. त्याने सहावी, सातवी आणि आठवी मोजली. माणूस निपचित पडला आहे, आणि हा आकडा पुरा करतो आहे. जुना संगणक दोनच्या पुढे मोजत नाही म्हणून हे सगळे झाले, आणि या माणसाने सावकाश आठपर्यंत मोजले. श्रीपतराव खुर्चीवर बसून होते. माझ्या पतीने दिलेल्या खुर्चीवर. "बास," असे ते आठवीनंतर म्हणाले.

११. या प्रसंगाचे साक्षीदार विचाराल तर गल्लीत पंधरा दुकाने आहेत आणि त्या दिवशी सगळ्यांनाच काहीतरी काम लागले होते. समोर पानपट्टी चालवणाऱ्या नागम्मा यांनी निम्म्या शटरखालून सगळे पाहिले. दवाखान्यात मला त्यांनीच भाकरी आणून दिली. जबाबात मात्र त्यांनी लिहून दिले की, "मी पान लावायलते, मला काय दिसलं न्हाई." मी भांडायला गेले तेव्हा रडल्या आणि म्हणाल्या, "मंजू, माझ्या दोन पोरी हायत गं." मी त्यांना आता काही बोलत नाही. दवाखान्याच्या अहवालात इजा 'उंचावरून पडल्याने अथवा बोथट वस्तूने' असे आहे. त्या 'अथवा'वर ठाण्याने शिडी ठेवली. श्रीपतरावांचा जबाब असा की, अर्जदाराने बुटाने मारण्याची धमकी देऊन चापट मारली, त्या झटापटीत शिडीला धक्का लागला, म्हणजे पती माझ्यामुळेच पडले. रत्नपालचा जबाब असा की, तो त्या दिवशी कमलनगरात नव्हताच.

१२. आपण विचाराल की चित्रणाची नक्कल का ठेवली नाही. मी याच धंद्यात आहे. दहा मिनिटांत नक्कल सुरू करता आली असती. परंतु त्या दहा मिनिटांत मी पतीचे डोके मांडीवर धरून जीप, रिक्षा, टेम्पो, जे येईल त्याला हात करत होते. बीदरच्या वाटेवर मी त्यांच्या कानाशी त्यांचे नाव घेत राहिले. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावायला गेलेल्या सासूबाईंनीच ती डिस्क पोलिसांना दाखवली आणि म्हणाल्या, "ह्याच्यात हाय सगळं, न्या." त्यांचा सरकारवर विश्वास आहे. नक्कल नाही. जे आहे ते एका डिस्कवर, तिच्या निम्म्याच्या पलीकडे, आपल्या टेबलावर आहे.

१३. श्रीपतरावांची आठ टीबीची डिस्क पुढे उदगीरला नव्या संगणकाला लावली गेली. सगळी दिसली. बसस्टँडवर त्यांनी चार लोकांत सांगितले म्हणे, "आठच्या आठ निघाल्या की रे." एवढे बोलून ते बीदरच्या बसमध्ये चढले. ही ऐकीव गोष्ट आहे, पुरावा म्हणून देत नाही. ऐकले तेव्हा मी गहू निवडत होते आणि सूप हातातून पडले, एवढेच सांगते.

१४. सबब खालीलप्रमाणे करावे, अशी कळकळीची विनंती आहे. डिस्क गेल्या दहा वर्षांतल्या कोणत्याही चांगल्या संगणकाला लावावी. तिच्यावरून संगणक सुरू करू नये. सुरू झालेल्या संगणकाला ती नुसती जोडावी. डिस्क बाहेरून जोडायचा जुना डबा वापरू नये, तो मोठ्या डिस्कचे आकडे खोटे सांगतो. लावल्यावर पडद्यावर एखादी चौकट येऊन, डिस्क वापरण्याजोगी करू का, असे इंग्रजीत विचारील. तिथे 'होय' दाबू नये. महोदय, हे मी आपल्याला हात जोडून सांगते. ज्यांना कळत नाही ते अशा चौकटीत नेहमी 'होय' दाबतात, कारण 'होय' म्हटले की पुढे जाता येते. 'नाही' दाबावे. आधी संपूर्ण डिस्कची नक्कल करावी आणि नकलेतूनच दुसरा भाग उघडावा. त्यातली पहिली फाईल १२ वाजून ४५ मिनिटांनी सुरू होते. मला बोलावले तर मी पहिल्या बसने येईन, आणि कशालाही हात न लावता मागे उभी राहून सांगेन.

१५. माझे यापूर्वीचे तीन अर्ज आपण का वाचले नाहीत, याचा मी विचार केला. आरोपी बाई आहे, विधवा आहे, आपल्या अंगावरचे झटकण्यासाठी काहीतरी न दिसणारी गोष्ट सांगते आहे, असे आपल्याला वाटले असावे. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवा म्हणणारे आपल्याकडे रोज येत असतील. म्हणून आधीच्या अर्जांत जे लिहिले नव्हते ते आता लिहिते.

१६. दुसऱ्या भागात मीही आहे. आठवीनंतर श्रीपतराव उठले. माझी वेणी धरणाऱ्याने ती सोडली. ते शटर वर करून निघाले. मारहाण संपली होती, कोणीही माझ्यावर हात उगारलेला नव्हता, हे स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढे कोणी वकील माझ्यासाठी त्याला बचाव म्हणू नये. टेबलावर सोल्डरचा, म्हणजे तारा डाग देऊन जोडायचा, टोकदार दांडा सकाळपासून तापत होता. मी तो उचलला. रत्नपाल सगळ्यांच्या मागे होता, पाठमोरा. पाठीत मारता आला असता. मी त्याला नावाने हाक मारली. तो वळला. मी तापलेले टोक त्याच्या डाव्या डोळ्यात घातले आणि काढले नाही. किती वेळ ते चित्रणात मोजता येईल. त्याला मारावे म्हणूनच मारले, आणि त्याची किंचाळी ऐकून मला बरे वाटले. आजही वाटते. त्यामुळे मला स्वतःची भीती वाटते, पण पश्चात्ताप होत नाही, आणि झाल्याचे खोटे लिहिणार नाही.

१७. रत्नपाल सगळ्यांना सांगतो की मोटारसायकलवरून पडून बाभळीचा काटा डोळ्यात गेला. तो डोळा गेला आहे. माझे नाव तो घेऊ शकत नाही, कारण घेतले तर तो दुकानात होता असे होईल. म्हणून या गुन्ह्याची कोठेही नोंद नाही. ठाण्यात माझ्यावर काय आहे तर एक चापट आणि एक भाषांतर. दोन्हींतून मी दंड भरून सुटेन, असे वकील म्हणतात. मंगळवारी आपण डिस्क पुसली की माणूस एका डोळ्याने जन्माचा आंधळा केल्याबद्दल मला विचारणारे जगात कोणी उरत नाही. ज्या एकोणीस मिनिटांत माझ्या नवऱ्याला मारले त्याच एकोणीस मिनिटांत माझा तुरुंग आहे. सासूबाईंना हे काल सांगितले. त्या म्हणाल्या, "उघडू दे. मी डबा आणीन तुला."

१८. तेव्हा आपण एवढाच विचार करावा : मला सुटायचेच असते, तर मी मंगळवारची वाट बघत गप्प घरी बसले नसते का?

दोन्ही भागांत असलेली, आपली अर्जदार,

(सही)
मंजुश्री सिद्धेश्वर हलबर्गे

सोबत :
१) अर्जाची कन्नड प्रत.
२) डिस्कच्या लेबलाचा फोटो, क्रमांकासह.
३) डिस्क जोडण्याची नवी केबल, एक नग. परत नको.
४) परिच्छेद १६ मधील गुन्ह्याचा माझा कबुलीजबाब, स्वतंत्र कागदावर, सही व अंगठ्यासह. त्यावर तारीख घातलेली नाही. दुसरा भाग ज्या दिवशी उघडाल त्या दिवसाची आपल्या हाताने घालावी.